विषाणूचे गोत्र आणि ते शोधण्याच्या तऱ्हा

सन २००७ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या परिचयाचे एक गृहस्थ दोन कागद घेऊन आमच्याकडे आले. 'सी' या विषाणूमुळे होणारी यकृताची बाधा त्यांना झाली होती. बहुधा तरुणपणी एका शस्त्रक्रियेच्या वेळी घ्याव्या लागलेल्या रक्तातून ती आली असावी. बाधा आहे याविषयी वाद नव्हता. वाद होता तो विषाणूच्या प्रकाराविषयी. एका प्रयोगशाळेने कागदावर 'प्रकार ३' असे लिहून दिले होते. दुसरीने, जेमतेम तीन आठवड्यांनी, त्याच माणसाच्या रक्तात 'प्रकार १ व ३, मिश्र' असल्याचे लिहिले होते. गृहस्थांनी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, "डॉक्टरसाहेब, यांतला खरा कोणता?"

प्रश्न केवळ जिज्ञासेचा नव्हता. त्या काळी या रोगावर इंटरफेरॉनची सुई दर आठवड्याला टोचावी लागे आणि जोडीला रिबाव्हिरिनच्या गोळ्या रोज घ्याव्या लागत. विषाणू प्रकार २ वा ३ असेल तर हा उपचार २४ आठवड्यांत आटपे. प्रकार १ असेल तर ४८ आठवडे चाले. ज्यांनी ते इंजेक्शन घेतले आहे त्यांनाच या फरकाची किंमत कळेल. अंगात कणकण, रक्तक्षय, केस गळणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे मनाला येणारे औदासीन्य. खर्चाची गोष्ट वेगळीच. म्हणजे प्रयोगशाळेतील एका आकड्यावर माणसाच्या आयुष्यातील सहा महिने अवलंबून होते.

त्या दिवशी आम्ही त्यांना जे उत्तर दिले ते घाईचे होते. आज त्याच उत्तराचा जरा सावकाश, इतिहासाच्या वाटेने मागोवा घ्यावा असे मनात आहे.

आरंभ मात्र 'सी'पासून करता येत नाही. त्याच्या आधी सापडलेल्या 'बी'पासून करावा लागतो. (या दोघांना लोक भावंडे समजतात, पण त्यांच्यात नाते मुळीच नाही. एकाचे बीज डीएनएचे, दुसऱ्याचे आरएनएचे. दोघेही यकृतात बिऱ्हाड करतात एवढ्यावरून माणसांनी त्यांना एक आडनाव दिले.) १९६३ मध्ये अमेरिकेत बरूक ब्लम्बर्ग व हार्वे ऑल्टर हे निरनिराळ्या देशांतील लोकांची रक्तजले एकमेकांसमोर आणून पाहत होते. रीत साधी होती. काचेवर अगरचा पातळ थर पसरावयाचा, त्यात लहान लहान खळगे पाडावयाचे, एका खळग्यात एकाचे रक्तजल व शेजारच्यात दुसऱ्याचे घालून ठेवून द्यावयाचे. दोन्ही द्रव थरातून सरकत एकमेकांस भेटतात, आणि त्यांच्यातील द्रव्यांची जोडी जमली तर भेटीच्या जागी पांढरी रेघ उमटते. वारंवार रक्त घ्यावे लागलेल्या हिमोफिलियाच्या एका रुग्णाचे रक्तजल आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाचे रक्तजल यांच्यामध्ये अशी रेघ उमटली. तिला 'ऑस्ट्रेलिया प्रतिजन' म्हटले गेले. ते कावीळ आणणाऱ्या विषाणूचे बाह्य कवच आहे हे कळावयास आणखी चार-पाच वर्षे जावी लागली.

पुढे १९७१-७२ मध्ये त्या रेघांचे अधिक बारकाईने निरीक्षण झाले, तेव्हा असे दिसले की कवच सर्वत्र एकसारखे नाही. त्याचा 'ए' हा भाग सर्वांत असतो. पण काहींत 'डी' असतो तर काहींत 'वाय', काहींत 'डब्ल्यू' तर काहींत 'आर'. यांच्या जोडणीतून एडीडब्ल्यू, एडीआर, एवायडब्ल्यू आणि एवायआर अशी चार घराणी ठरली. जगाच्या नकाशावर ती मांडली गेली, त्यांवरून मानवी स्थलांतराचे तर्क करण्यात आले, रुग्णालयांत साथ कोठून आली याचा शोध घेण्यासाठीही ती वापरली गेली.

आणि मग १९८७ मध्ये जपानच्या हिरोआकी ओकामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अडचणीची गोष्ट दाखवून दिली. दोन रक्तदात्यांच्या रक्तात एकाच वेळी दोन्ही घराण्यांच्या खुणा सापडल्या होत्या. त्यांच्या विषाणूंचे जनुक वाचले तेव्हा कळले की 'डी'चा 'वाय' होण्यास कवचाच्या प्रथिनातील १२२ व्या जागी लायसिनच्या ऐवजी आर्जिनिन आले की पुरते. 'डब्ल्यू'चा 'आर' होण्यास तोच फेरबदल १६० व्या जागी झाला की पुरतो. बाकी विषाणू तोच! जनुकातील एक अक्षर बदलले की घराणे बदलले. पुढच्याच वर्षी ओकामोटो यांनी सबंध जनुकसंच, म्हणजे सुमारे ३,२०० अक्षरे, एकमेकांशी ताडून पाहिली आणि आठ टक्क्यांहून अधिक भेद असेल तर प्रकार वेगळा असा दंडक घालून ए, बी, सी, डी असे चार प्रकार मांडले. जुनी घराणी आणि नवे प्रकार जुळेनात. एडीडब्ल्यूचे कवच पांघरलेले विषाणू एकाहून अधिक प्रकारांत विखुरलेले निघाले. अगरमधील रेघ खोटी नव्हती. ती कवचाविषयी जे सांगत होती ते खरेच होते. परंतु आपण तिला कुळाविषयी विचारीत होतो.

ही गोष्ट ध्यानात ठेवून आता 'सी'कडे वळू.

'सी'चा शोधच मुळी निराळ्या वाटेने लागला. १९७५ पासून या रोगाला 'ए नव्हे, बी नव्हे' अशा नकारात्मक नावाने ओळखत. विषाणू कोणी पाहिला नव्हता, कोणाला तो प्रयोगशाळेत वाढवता आला नव्हता. मायकेल हाउटन, क्वी-लिम चू, जॉर्ज कुओ आणि डॅनियल ब्रॅडली यांनी बाधा झालेल्या चिंपाझीच्या रक्तातील जनुकद्रव्याचे तुकडे जंतूंमध्ये घालून लक्षावधी वसाहती तपासल्या, आणि त्यांतून रुग्णाच्या प्रतिद्रव्यांना ओळख देणारा एक तुकडा वेचून काढला. १९८९ मध्ये हे जाहीर झाले. (२०२० चे नोबेल पारितोषिक ऑल्टर, हाउटन आणि चार्ल्स राइस यांना मिळाले ते याच कार्यमालिकेसाठी.) म्हणजे हा विषाणू आपल्याला प्रथम भेटला तो अक्षरांच्या रूपाने. त्याला रूप नव्हते, कवचाची रेघ नव्हती. सुमारे ९,६०० अक्षरांचे एक सूत्र तेवढे होते.

त्यामुळे वाटले असेल की 'बी'च्या वेळची चूक येथे होणार नाही. प्रथमपासूनच अक्षरे वाचून प्रकार ठरतील. झाले ते वेगळेच. १९९० नंतर जपान, अमेरिका आणि युरोपातील प्रत्येक गटाने आपापल्या हाती आलेला सूत्राचा तुकडा वाचला आणि आपापली नावे दिली. ओकामोटो रोमन आकडे वापरीत. दुसरे कोणी अक्षरे वापरीत. तिसऱ्यांच्या यादीत तोच आकडा निराळ्या विषाणूला होता. एकाचा 'दोन' तो दुसऱ्याचा 'एक-बी'. १९९३ मध्ये एडिंबरोच्या पीटर सिमंड्स यांनी सूत्राच्या शेवटाकडील एनएस-५ या भागाची अक्षरे घेऊन वंशवृक्ष काढला, आणि त्यात सहा ठळक फांद्या व प्रत्येकीवर डहाळ्या असे चित्र स्पष्ट दिसले. फांदीला आकडा, डहाळीला अक्षर: १-ए, १-बी, २-ए, ३-ए अशी आजची नावे तेथून आली, आणि १९९४ मध्ये बहुतेकांनी ती मान्य केली. दोन फांद्यांमध्ये तीस टक्क्यांच्या वर अक्षरे भिन्न असतात. ज्यांना आपण एकाच रोगाचे एकच बीज म्हणतो त्यांच्यातला हा भेद लहानसहान नव्हे.

परंतु वंशवृक्ष काढणे हे विद्यापीठातील काम. १९९३ मध्ये एका रुग्णाचे सूत्र वाचावयाचे म्हणजे फ्रेडरिक सँगर यांच्या रीतीने जेलच्या पट्ट्या रांगेने वाचत बसावयाचे. दवाखान्याला तेवढा वेळ व पैसा नव्हता. म्हणून जवळच्या वाटा निघाल्या. त्या चार वाटा थोड्या तपशिलाने पाहिल्या पाहिजेत, कारण आमच्या गृहस्थांचे दोन कागद त्यांतल्याच दोन वाटांनी आले होते.

पहिली वाट ओकामोटो यांची, १९९२ ची. पॉलिमरेज साखळी अभिक्रियेत जनुकाचा तुकडा वाढवावयाचा तर दोन्ही टोकांना बसणारे 'प्रारंभक' लागतात. ओकामोटो यांनी प्रत्येक प्रकारासाठी निराळा प्रारंभक केला आणि तो सूत्रावर निराळ्या जागी बसेल अशी योजना केली. परिणामी वाढून आलेल्या तुकड्याची लांबी प्रकारागणिक वेगळी येई. जेलमध्ये पट्टा कोठे थांबला ते पाहून प्रकार सांगता येई. युक्ती सुंदर आहे आणि खर्च थोडा आहे. म्हणून आशियातील प्रयोगशाळांत ती फार वापरली गेली. पण प्रारंभक हा काही शपथेवर बसत नाही. तापमान अंमळ उतरले, विषाणू रक्तात फार दाट असला, अथवा त्या जागची अक्षरे जवळपास सारखी असली की तो परक्या सूत्रावरही बसतो, आणि मग एका विषाणूचे दोन पट्टे दिसतात. अहवालात येते 'मिश्र'. आमच्या गृहस्थांच्या दुसऱ्या कागदाचे मूळ हेच होते. त्यांचे रक्त पुढे तिसऱ्या ठिकाणी पाठवून अक्षरे वाचून घेतली, तेव्हा निव्वळ ३-ए निघाला. २४ आठवड्यांचा उपचार झाला आणि ते बरे झाले. मिश्र बाधा जगात नसतेच असे आमचे म्हणणे नाही. अनेकदा रक्त घेतलेल्यांत ती असते. पण साध्या प्रारंभकांवरून 'मिश्र' असे वाचले की आम्ही आजही भुवई उंचावतो.

दुसरी वाट कात्रीची. विशिष्ट अक्षरक्रम दिसला की तेथेच जनुक तोडणारी एन्झाइमे जंतूंपासून मिळतात. वाढवलेला तुकडा अशा दोन-चार एन्झाइमांच्या हवाली करावयाचा आणि किती लांबीचे तुकडे पडले ते पाहावयाचे. एडिंबरोच्याच मंडळींनी या रीतीने निरनिराळ्या देशांतील रक्तदात्यांचे नमुने तपासून प्रकारांचा पहिला विस्तृत नकाशा केला. तिसरी वाट रक्तजलाची: एनएस-४ या भागातील लहान प्रथिनखंड घेऊन रुग्णाची प्रतिद्रव्ये कोणत्या प्रकाराला ओळख देतात ते पाहणे. हिच्यासाठी विषाणू जिवंत वा अभंग असण्याची गरज नाही; जुन्या बाटल्यांतील, जनुकद्रव्य विरून गेलेली रक्तजलेही चालतात. इतिहासकाराला ती प्रिय व्हावी अशी. पण ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे, म्हणजे डायलिसिसवरचे किंवा एचआयव्हीबाधित रुग्ण, त्यांच्यात पुरेशी प्रतिद्रव्येच नसतात. आणि पोटजात तर ती सांगूच शकत नाही.

चौथी वाट बेल्जियमच्या गेंट शहरातून आली. लिव्हन स्टुइव्हर आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कागदासारख्या एका अरुंद पट्टीवर निरनिराळ्या प्रकारांशी जुळणारे जनुकखंड समांतर रेघांत चिकटवले. रुग्णाच्या विषाणूचा वाढवलेला तुकडा पट्टीवरून वाहू द्यावयाचा. जेथे तंतोतंत जुळेल तेथे तो बसतो आणि रंगद्रव्य घातले की ती रेघ जांभळट उमटते. सोबतच्या कोष्टकाशी रेघा ताडून प्रकार सांगावयाचा. हे काम तयार पेटीतून होत असल्याने जगभरच्या रुग्णालयांनी ती उचलली. १९६३ ची पांढरी रेघ तीस वर्षांनी जांभळी होऊन परत आली म्हणावयाचे!

आता येथे थोडे थांबले पाहिजे. कात्री, पट्टी, आणि सूत्र वाचण्याच्या ज्या तयार पेट्या पुढे निघाल्या त्याही, या सर्व पद्धती सूत्राचा एकच भाग पाहत होत्या: आरंभीच्या टोकाचा, प्रथिन न घडवणारा, सुमारे ३४० अक्षरांचा भाग. तोच का? कारण रुग्णाच्या रक्तात विषाणू आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा आधीच तो भाग वाढवीत असत. तो जवळजवळ सर्व प्रकारांत सारखा असल्यामुळे प्रारंभक कोणावरही हुकमी बसतात, बाधा चुकत नाही. तुकडा हाती आहेच, तर त्याच्यावरच प्रकारही ओळखू, असा हा सोयीचा मार्ग. पण जो भाग सर्वांत सारखा म्हणून बाधा शोधण्यास उत्तम, तोच सारखेपणामुळे भेद शोधण्यास दुबळा. १-ए आणि १-बी यांतील फरक त्या भागात बव्हंशी एका जागच्या एका अक्षरावर टेकलेला आहे, आणि ते अक्षरही काही विषाणूंत उलटे सापडते. व्हिएतनाम व थायलंडकडील प्रकार ६ च्या काही पोटजातींचा हा भाग तर थेट प्रकार १ सारखा आहे. पट्टी त्यांना 'एक-बी' म्हणत राहिली.

पद्धतींची तुलना करणारे निबंध त्या दशकात पुष्कळ निघाले. पाचपन्नास नमुने घ्यावयाचे, दोन पद्धतींनी तपासावयाचे, आणि शेकडा किती ठिकाणी एकमत झाले ते छापावयाचे. एकमत चांगले निघे. आम्हीही ते आकडे समाधानाने वाचीत असू. पण एकाच खिडकीपाशी उभे राहिलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात यात नवल ते काय? दुसऱ्या खिडकीपाशी कोण होते हे विचारावयास हवे होते. आणखी एक: ज्या शहरात प्रकार १ व ३ हेच बहुसंख्य आहेत तेथली तुलना प्रकार ६ विषयी काहीच सांगत नाही. युरोपातले शेकडा प्रमाण हनोईला लागू पडत नाही. हा मुद्दा किती साधा आहे, आणि किती वर्षे दुर्लक्षित राहिला!

दुर्लक्ष परवडले याचे कारण औषधात होते. इंटरफेरॉनच्या काळात १-ए काय नि १-बी काय, ४८ आठवडे सारखेच. २०११ मध्ये विषाणूच्या प्रथिनावर थेट घाव घालणारी पहिली औषधे आली, आणि त्यांच्यापुढे १-ए हा १-बीहून लवकर प्रतिकार करू लागतो असे दिसले. त्याच्या किंचित अगोदर, २००९ मध्ये, पॅरिसजवळील क्रेतेय येथील संशोधकांनी त्या औषधांच्या चाचण्यांतील रुग्णांचे विषाणू शेवटाकडील एनएस-५-बी भाग वाचून निश्चित केले व मग प्रचलित पद्धतींची परीक्षा घेतली. केवळ आरंभीच्या टोकावर भिस्त ठेवणाऱ्या पद्धतींनी १-ए च्या दर पाचांपैकी एकाहून अधिक नमुन्यांवर चुकीचे नाव लावले होते. पट्टीच्या नव्या आवृत्तीत गाभ्याच्या प्रथिनाच्या जनुकाच्या रेघा घातल्या होत्या. तिने पुष्कळ चांगले काम केले. दुसरी खिडकी उघडली ती अशी.

पण दोन खिडक्यांतून दोन निराळी माणसे दिसली तर? तेही घडले. २००२ मध्ये सेंट पीटर्सबर्गमधील काही विषाणू पुढच्या टोकाकडून पाहता २-के ठरत आणि मागच्या टोकाकडून पाहता १-बी. नमुने बदलले असतील, मिश्र बाधा असेल, अशा सर्व शंका फिटल्यावर निष्कर्ष निघाला की हा एकच विषाणू आहे. दोन प्रकारांची सूत्रे मध्येच जोडली जाऊन झालेला संकर. तोवर 'सी'मध्ये असा संकर होत नाही असाच समज होता. पुढे जॉर्जिया देशात प्रकार २ म्हणून नोंदलेल्या रुग्णांपैकी मोठा भाग याच संकराचा निघाला. प्रकार २ साठी ठरलेला उपचार त्यांना पुरेसा पडत नसे. तेथे कोणाही प्रयोगशाळेची चूक नव्हती.

प्रकाराचे नाव कोठवर पोहोचते आणि कोठे थांबते हे सर्वांत स्पष्ट झाले ते न्यायालयात. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे एका भूलतज्ज्ञाकडून शेकडो रुग्णांना बाधा झाल्याचा आरोप होता; प्रकरण १९९८ मध्ये उघडकीस आले. त्याचा विषाणू १-ए. परंतु १-ए हा स्पेनमध्ये काही दुर्मिळ नव्हे. प्रकार निराळा निघाला तर रुग्ण वगळता येतो. प्रकार तोच निघाला तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, जसे दोघांचे आडनाव कुलकर्णी म्हणून ते एका घरचे ठरत नाहीत. तेव्हा संशोधकांनी विषाणूच्या कवचाचा, सर्वांत भरभर बदलणारा भाग निवडला, चार हजारांहून अधिक अक्षरक्रम वाचले आणि वंशवृक्ष काढला. संशयित ३२२ रुग्णांपैकी २७५ जण त्या एका उगमाशी जोडले गेले आणि ४७ जण सुटे पडले. त्यांना बाधा दुसरीकडूनच झाली होती. २००७ मध्ये शिक्षा झाली. या ४७ जणांचा विचार आमच्या मनात नेहमी येतो. त्यांनाही रोग होता, त्याच रुग्णालयांचा संबंध होता, आणि अक्षरांनी त्यांना सांगितले की तुमचा गुन्हेगार हा नव्हे.

असेच एक निर्दोषत्व पुण्यात सिद्ध झाले आहे, आरोपी मात्र चतुष्पाद. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या 'ई' विषाणूच्या साथी आपल्याकडे जुन्या; १९५५-५६ च्या दिल्लीच्या साथीत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली, आणि १९८१ मध्ये कोल्हापूरही त्यातून सुटले नाही. पाश्चात्य देशांत हा विषाणू डुकरांकडून माणसांकडे येतो असे आढळल्यावर येथेही तसेच असेल काय, असा प्रश्न उठला. राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पश्चिम भारतातील माणसांचे व डुकरांचे विषाणू वाचून ताडले. माणसांत प्रकार १, डुकरांत प्रकार ४. आपल्या साथींचे उगमस्थान नळाच्या आणि गटाराच्या शेजारातच शोधावे लागणार, हे त्यावरून ठरले.

२०१३ मध्ये सोफोस्बुव्हिर आले, २०१६ मध्ये त्याची व्हेल्पाटास्व्हिरशी जोडी जमली, आणि सर्व प्रकारांना चालणारा बारा आठवड्यांचा, तोंडाने घ्यावयाचा उपचार हाती आला. प्रकार ओळखण्याची गरजच संपली असे पुष्कळांना वाटले. सामान्य रुग्णापुरते ते बरेचसे खरे आहे, आणि आम्हाला त्याचा आनंदच आहे; आमच्या गृहस्थांना आज कोणी दोन कागद दाखवले नसते. तरी यादी वाढतच आहे. २०१८ मध्ये मूळच्या पंजाबातील, एकमेकांशी संबंध नसलेल्या चार रुग्णांतील विषाणू तोवरच्या सातही प्रकारांत बसेना. सबंध सूत्र वाचून त्याला आठवा प्रकार मानण्यात आले. सुदैवाने चौघेही नव्या औषधांनी बरे झाले.

आफ्रिकेतील रुआंडा देशात एवढे सहज झाले नाही. तेथे ३०० रुग्णांना लेडिपास्व्हिर व सोफोस्बुव्हिर ही जोडी देण्यात आली. प्रकार ४ वर ती उत्तम चालते असा इतरत्रचा अनुभव होता, आणि रुआंडातला विषाणू बहुतांशी प्रकार ४ चाच. २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर पोटजातींच्या २५२ रुग्णांपैकी २३४ बरे झाले होते. परंतु अक्षरे वाचून ज्यांचा विषाणू ४-आर ठरला त्या ४८ पैकी केवळ २७. औषध न लागू पडलेल्यांपैकी बहुतेक सर्व जण पुढे तीन औषधांच्या गोळीने बरे झाले. त्यांच्या पहिल्या कागदावर नुसते 'प्रकार ४' असे लिहिले असते तर तेही चूक ठरले नसते.